काचेआडचं कानावर घालताना

१८ जानेवारी २०१० रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ वर एका ममीची गोष्ट सांगितली गेली. ममी इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरातल्या हॉर्नेजितेफ नावाच्या पुरोहिताची, तिचा सध्याचा मुक्काम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, आणि सांगणारे खुद्द त्या म्युझियमचे संचालक नील मॅकग्रेगर. वेळ पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी ओल्डुवाईच्या घळीत सापडलेलं दगडी हत्यार आलं. आठवड्याला पाच वस्तू, एका आठवड्याचं एक सूत्र, असे वीस आठवडे. मध्ये दोनदा विश्रांती घेत ही मालिका ऑक्टोबरात शंभराव्या वस्तूपाशी, म्हणजे सौरऊर्जेवर चालणाऱ्या दिव्यापाशी, पोहोचली. नव्व्याण्णवावी वस्तू होती क्रेडिट कार्ड! ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ हे तिचं नाव. रेडिओवर ऐकणारे वेगळेच. पण पॉडकास्ट म्हणून तिचे भाग वर्षअखेरीपर्यंत एक कोटीहून अधिक वेळा डाउनलोड झाले. पुढच्या वर्षी या उपक्रमासाठी ब्रिटिश म्युझियमला तिथला मानाचा आर्ट फंड पुरस्कारही मिळाला.

संग्रहालय म्हणजे बघायची जागा, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे की ‘संग्रहालयाचा पॉडकास्ट’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: जे दिसतच नाही ते ऐकून करायचं काय? मॅकग्रेगरांच्या मालिकेने या प्रश्नाची हवाच काढून घेतली. वस्तू समोर असली की आपण तिच्याकडे दोन-चार क्षण बघतो, पाटी वाचतो आणि पुढच्या कपाटाकडे सरकतो. ती समोर नसली की बोलणाऱ्याला आपल्या वतीने बघावं लागतं. कडा कुठे झिजल्यात, वजन हाताला कसं लागतं, मागच्या बाजूला काय आहे, हे सगळं शब्दांत आणावं लागतं. दालनात उभं राहूनही जे सुटतं ते अशा वेळी पदरात पडतं. माझ्या मते संग्रहालयाच्या पॉडकास्टची सगळी ताकद या एका अडचणीत आहे. आणि जे पॉडकास्ट फसतात ते ही अडचण टाळायला बघतात म्हणून फसतात.

टाळायची सर्वांत सोपी वाट म्हणजे दालनातली ध्वनिफीत उचलून इंटरनेटवर टाकणे. कानाला यंत्र लावून संग्रहालय दाखवायची कल्पना जुनी आहे. १९५२ साली ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमने प्रेक्षकांच्या हातात छोटे रेडिओ-ग्राहक दिले आणि इमारतीतल्या इमारतीत लघुलहरींवरून निवेदन ऐकवलं. सगळ्यांना एकाच क्षणी एकच वाक्य ऐकू यायचं, त्यामुळे अख्खा घोळका एकदमच एका चित्राकडून दुसऱ्याकडे वळायचा. तंत्र पुढे कितीतरी सुधारलं, पण त्या निवेदनाचा स्वभाव बदलला नाही. ते समोर उभ्या असलेल्या माणसासाठी असतं. ‘आता डावीकडच्या कपाटात पाहा’ हे वाक्य लातूरहून पुण्याला निघालेल्या एसटीत बसून ऐकणाऱ्याच्या काय कामाचं?

गंमत म्हणजे, संग्रहालयांवरचे सुरुवातीचे गाजलेले पॉडकास्ट संग्रहालयांनी केलेच नव्हते. २००५ साली न्यूयॉर्कमधल्या मेरीमाउंट मॅनहॅटन कॉलेजचे विद्यार्थी आपल्या प्राध्यापकाला घेऊन म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या, म्हणजे ‘मोमा’तल्या, चित्रांवर स्वतःचं भाष्य ध्वनिमुद्रित करू लागले आणि कोणाचीही परवानगी न घेता ते इंटरनेटवर टाकू लागले. अधिकृत निवेदनात जे कधी येणार नाही ते त्यांत होतं: थट्टा, शंका, संगीत, ‘मला हे चित्र अजिबात आवडत नाही’ असला कबुलीजबाब. पुढे मोमाने स्वतःचेही पॉडकास्ट काढले. पण त्या पोरांनी दाखवून दिलेली गोष्ट महत्त्वाची होती. लोकांना चित्राबद्दलची माहिती हवी असतेच, त्याहून जास्त हवं असतं ते चित्रासमोर उभं राहून कोणीतरी मोकळेपणाने बोलणं.

म्हणून पॉडकास्ट काढू म्हणणाऱ्या संग्रहालयाने माइकच्या किमती बघण्याआधी एक वस्तू निवडावी. आणि वस्तू निवडताना ‘आपल्याकडची सर्वांत मौल्यवान कोणती’ असं विचारू नये. ‘कोणती इथे असायलाच नको होती’ असं विचारावं.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचं उदाहरण घेतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकाच्या मध्यावर उत्खनन झालं. त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया होते. या टेकडीवर जो कांस्याचा ऐवज मिळाला, त्यात एक लहानशी मूर्ती निघाली पोसायडनची. ग्रीकांचा आणि रोमनांचा समुद्रदेव, तोही घाटमाथ्यावर, सातवाहनकाळच्या वस्तीत. संग्रहालयाच्या पाटीवर अशा वस्तूबद्दल काय लिहितात ते आपल्याला तोंडपाठ आहे: नाव, धातू, काळ, सापडल्याचं ठिकाण. चार ओळी. पाटीला जागाच तेवढी असते, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पंधरा मिनिटं हातात असली, तर याच मूर्तीची सुरुवात अशी करता येईल:

‘कोल्हापूरच्या टाऊन हॉलात एक परदेशी पाहुणा राहतो. दाढीवाला आहे. अंगावर कपडा नाही. एक हात वर उचललेला. त्या हातात त्रिशूळ असायचा, तो आता नाही. हा आहे समुद्राचा देव. कोल्हापुरातून समुद्र गाठायचा तर आजही घाट उतरून जावं लागतं. मग हा घाट चढून वर आला कसा?’

एवढं झालं की श्रोता हलत नाही. पुढचा सगळा इतिहास त्याला उत्तर म्हणून मिळतो, माहिती म्हणून नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपारा, कल्याण, चौल या बंदरांची आणि आत घाटावरच्या पैठण, तेर या पेठांची नावं येतात. तो व्यापार, ते बैलांचे तांडे, ते घाट. मग प्रश्न: ही मूर्ती कोणी पूजेला आणली, शोभेला आणली, की मोडीत वितळवायला? इथे पुरातत्त्वाचा एखादा अभ्यासक बोलवावा आणि त्याला निकाल द्यायला न लावता त्याच्याकडून शक्यता मांडून घ्याव्यात. त्याच व्यापाराचं दुसरं टोक इटलीत आहे. १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर. म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. तेरची मूर्ती तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. कोल्हापूर, तेर आणि नेपल्स एका भागात येतात, आणि तिन्ही ठिकाणी एका दिवसात जाणं कोणालाच शक्य नसल्याने कानाची सोय इथे डोळ्यांपेक्षा वरचढ ठरते.

आता लेखनाकडे. आकाशवाणीवर भाषणं देणाऱ्यांना हे गणित ठाऊक असतं: सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात. म्हणजे पंधरा मिनिटांचा भाग म्हणजे जेमतेम पंधराशे ते अठराशे शब्द. त्यातून पाहुण्यांचं बोलणं वजा केलं तर निवेदकाच्या वाट्याला हजारभर उरतात. यात एक काळ, एक जागा आणि एक-दोन माणसं एवढंच मावतं. सनावळ्या कानाला टिकत नाहीत. एका भागात दोन-तीन सन पुरे. बाकीच्यांसाठी ‘शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पन्नासेक वर्षं आधी’ असा ओळखीचा खुंटा जास्त कामाचा. वाक्यं लहान हवीत, कारण ऐकणारा माघारी जाऊन पुन्हा वाचू शकत नाही. आणि ‘सदर वस्तू ही सतराव्या शतकातील असून ती देणगीदाखल प्राप्त झालेली आहे’ या सरकारी मराठीला दालनाबाहेरच चपला काढायला लावाव्यात. मोठ्याने वाचून बघणे ही एकच कसोटी. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं.

पण चांगल्या भागाचा कच्चा माल लेखकाच्या टेबलावर नसतो, तो संग्रहालयाच्या नोंदवहीत असतो. प्रत्येक वस्तू दाखल होते तेव्हा तिला क्रमांक मिळतो; कोणी दिली, कधी दिली, कितीला घेतली, तेव्हा तिची अवस्था काय होती, हे तिथे लिहिलं जातं. पाटीवर यातलं काहीच येत नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवा. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे राज्य शासनाच्या हवाली केला. वीस हजारांवर वस्तू. एका वेळी मांडलेल्या असतात त्या यातल्या थोड्याच. दिवे, कुलपं, वाद्यं, दौती, वज्र्या आणि अडकित्ते. मोराचे, घोड्याचे, जोडप्याचे, ज्याने त्याने आपल्या हौसेने घडवून घेतलेले अडकित्ते. एकेका अडकित्त्यामागे एक घर आहे, ती वस्तू विकायची की नाही म्हणून त्या घरात झालेली चर्चा आहे, आणि समोर ठाण मांडून बसलेला, कविता करणारा एक चिकाटीचा गिऱ्हाईक आहे. या संग्रहाचा पॉडकास्ट करायचा तर मी तिथल्या मस्तानी महालापासून सुरुवात करणार नाही. तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. मी अडकित्त्यांपासून करीन.

कारण अडकित्त्याला आवाज आहे. सुपारी फुटतानाचा तो कडक् आवाज ज्या पिढीने ऐकला आहे, तिला पुढचं वर्णन करावंच लागत नाही; आणि ज्या पिढीने ऐकला नाही, तिच्यासाठी तो आवाज हीच बातमी आहे. वस्तूंची निवड करताना त्या वाजतात का, हे बघावं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला टिपू सुलतानाचा वाघ याचा नामी नमुना. लाकडी वाघ गोऱ्या शिपायाच्या नरड्यावर बसलेला. दांडा फिरवला की आतल्या भात्यांतून वारा सुटतो, शिपायाचा हात हलतो, तो विव्हळतो आणि वाघ गुरगुरतो. वाघाच्या कुशीत चक्क एक छोटा ऑर्गन बसवलेला आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लुटीत गेला. हा वाघ काचेआड गप्प उभा असतो तेव्हा त्याची निम्मीच ओळख होते.

इथे एक पथ्य. जुनी वस्तू ध्वनिमुद्रणासाठी वाजवून बघू, असं म्हणणाऱ्याला अभिरक्षकाने खुशाल दाराबाहेर काढावं. दोनशे वर्षांच्या अडकित्त्याच्या खिळीवर ताण देण्यापेक्षा कोणाच्या तरी आजीचा अडकित्ता आणावा आणि ‘हा आवाज संग्रहालयातल्या वस्तूचा नाही, त्याच घडणीच्या घरगुती अडकित्त्याचा आहे’ हे श्रोत्याला सरळ सांगावं. तेवढ्याने काही बिघडत नाही, उलट भरवसा वाढतो. जात्याच्या बाबतीत तर महाराष्ट्राचं नशीब फारच थोर. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम केलं; त्या एक लाखाहून अधिक आहेत, आणि पारी या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळाने त्या मूळ आवाजांसकट लोकांपुढे आणल्या आहेत. एखाद्या जिल्हा संग्रहालयाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जात्याला त्याच तालुक्यातल्या बाईचा आवाज मिळू शकतो. त्यासाठी रीतसर परवानगी मागायची आणि तिचं, तिच्या गावाचं नाव घ्यायचं, एवढंच.

आणि कृपा करून तुताऱ्या नकोत. मराठीत इतिहासावर काहीही ऐकवायचं म्हटलं की आधी तुतारी, मग घोड्यांच्या टापा, मग तलवारींचा खणखणाट आणि त्यावर घुमणारा भारदस्त आवाज, असा शिरस्ताच पडून गेला आहे. पोसायडनला टापांची गरज नाही. खरा आवाज नसेल तर गप्प राहणं परवडलं.

ध्वनिमुद्रणाचं तंत्र आता स्वस्त झालं आहे, अवघड आहे ती जागा. जुन्या संग्रहालयाचं दालन बोलण्यासाठी अत्यंत वाईट: उंच छत, फरशी, काचेची कपाटं. टाळी वाजवून पाहा, ती परत येते. माणसाचं प्रत्येक अक्षर तसंच परत येतं आणि पुढच्या अक्षरावर चढतं. म्हणून मुख्य निवेदन दालनात करूच नये. कार्यालयातली लहान खोली घ्यावी, खिडक्यांना जाड पडदे, टेबलावर दुमडलेली गोधडी, मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट. पंखा बंद, एसी बंद, शेजारच्या खोलीतला फ्रिजसुद्धा बंद. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फुत्कार थेट त्यावर आदळत नाहीत. घुमणाऱ्या जागेत डायनॅमिक जातीचा माइक बरा, कारण तो जवळचंच ऐकतो. कंडेन्सर माइक रस्त्यावरच्या भोंग्यासकट सगळं टिपतो. डायनॅमिक माइकही परवडत नसेल तर चांगला फोन आणि कॉलरला लावायचा माइक यांवर सुरुवात करायला हरकत नाही. शेवटी त्या खोलीतली नुसती शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित करून ठेवावी. पूर्ण शांतता अशी कुठेच नसते, प्रत्येक खोलीची स्वतःची एक बारीक गूंज असते. संपादन करताना वाक्य कापलं की तिथे एकदम पोकळी जाणवते. ती याच मिनिटाने बुजवायची असते.

दालनात जायचं ते माणसांना बोलतं करायला. तिथला प्रतिध्वनी तेव्हा चालतो, कारण आपण कुठे आहोत ते त्यातून कळतं. बोस्टनमधल्या टॅमर अविशाई यांच्या ‘द लोनली पॅलेट’ या पॉडकास्टची रीत मला फार आवडते. भाग सुरू होतो तो चित्रासमोर उभ्या असलेल्या साध्या प्रेक्षकांच्या बोलण्याने. त्यांना काय दिसतंय ते त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं. कोणी रंगाबद्दल बोलतं, कोणी ‘ही बाई वैतागलेली दिसते’ म्हणतं. मग निवेदिका कलेच्या इतिहासाकडे वळते. तोवर चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलेलं असतं, आणि ‘आपल्याला चित्रातलं काय कळतंय’ हा श्रोत्याचा संकोचही गेलेला असतो. आपल्याकडे सहलीला आलेल्या सातवीतल्या मुलांना एका वस्तूपुढे उभं करून ‘हे काय असेल?’ एवढं विचारावं. त्यांची उत्तरं न कापता ठेवावीत. परिचर, पहारेकरी यांनाही विचारावं. वर्षानुवर्षं त्याच दालनात बसलेल्या माणसाला लोक कुठल्या वस्तूपाशी थांबतात आणि कुठे नुसतीच सेल्फी काढतात, हे वरिष्ठांपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

निवेदक कोण असावा? मॅकग्रेगर स्वतः संचालक होते आणि उत्तम वक्तेही. असा योग क्वचित जुळतो. बहुतेक ठिकाणी संचालकांनी पहिल्या भागात दोन शब्द बोलून बाजूला व्हावं, हे बरं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचा ‘साइडडोअर’ २०१६ मध्ये सुरू झाला. एकवीस संग्रहालयं, एक प्राणिसंग्रहालय आणि पंधरा कोटींहून अधिक वस्तू व नमुने असलेली ही संस्था. पण तिचा निवेदक श्रोत्याच्या बाजूचा असतो. तो तज्ज्ञाला थांबवून ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारतो. तज्ज्ञ आणि विचारणारा एकच असला की हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

खरी कसोटी लागते ती वस्तू आपल्याकडे कशी आली हे सांगताना. ‘१०० ऑब्जेक्ट्स’ मालिकेत बेनिनचा कांस्यपट होता, ईस्टर बेटावरचा पुतळा होता, पार्थेनॉनचं शिल्पही होतं. या वस्तू लंडनला कशा पोहोचल्या यावर जगभर वाद आहे, आणि वस्तू सांभाळणाऱ्यानेच गोष्ट सांगितली की त्या वादाला किती मिनिटं द्यायची हेही तोच ठरवतो, हा आक्षेप रास्त आहे. मार्क फेनेल यांनी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसीसाठी ‘स्टफ द ब्रिटिश स्टोल’ नावाचा पॉडकास्ट काढला, तो नेमका दुसऱ्या बाजूने बोलतो. ज्यांच्याकडून वस्तू गेली, ती माणसं तिथे ऐकू येतात. टिपूचा वाघ त्यातही आहे.

आपल्याकडे असल्या गोष्टींची वाण नाही. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक अजस्र दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं तो हाच. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला; उचलताना यंत्र मोडलं आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून पुढे कधीतरी जोडले गेले. जो हत्ती गेला असता तर आज लंडनच्या एखाद्या पॉडकास्टचा विषय झाला असता, तो मोडल्यामुळे आपल्याकडे राहिला! जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात कामोइंश या पोर्तुगीज महाकवीचा कांस्यपुतळा आहे. पूर्वी तो बाहेर बागेत, मोकळ्यावर उभा होता. बागेतून दालनात आलेल्या पुतळ्याबद्दल बोलायचं म्हणजे दोन पिढ्यांची दोन मतं शेजारी ठेवावी लागतात. ती ठेवावीत. पॉडकास्टमध्ये माणसाचा सूर ऐकू येतो, त्यामुळे छापील मजकुरापेक्षा इथे मतभेद जास्त सभ्यपणे मांडता येतात, असा माझा अनुभव नसला तरी अंदाज आहे.

वस्तू जोडण्याचं हे तंत्र आपल्याकडे प्रदर्शनाच्या रूपात येऊनही गेलं. २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्या साथीने, ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन भरलं होतं. इतिहास नऊ कथांमध्ये मांडलेला, आणि आपल्या वस्तूच्या शेजारी त्याच काळातली परदेशी वस्तू. अशी प्रदर्शनं काही महिन्यांत उतरवली जातात, उसन्या वस्तू परत जातात. तेव्हा अभ्यासकांना दालनातच बोलतं करून ठेवलं, तर उरतं बरंच.

आता थोडं व्यवहाराचं. दर आठवड्याला भाग देण्याची घोषणा करू नये. पाच-सहा भागांचं एक पर्व आधी पूर्ण तयार करावं, मगच पहिला भाग सोडावा. पंधरवड्याला एक पुरे. शासकीय संग्रहालयात परवानगीची फाइल फिरते तिलाही हे सोयीचं पडतं, कारण प्रत्येक भागाला वेगळी मंजुरी घेण्याऐवजी अख्ख्या पर्वाची संहिता एकदाच पुढे ठेवता येते. पाहुण्यांकडून लेखी संमती घ्यावी, त्यात ‘शाळांमध्ये ऐकवायला आणि पुढे जतन करायलाही’ हे शब्द विसरू नयेत. संगीत सिनेमातलं उचलू नये. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यात प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियमने २००६ मध्ये आपल्याच सभागृहातल्या मैफलींचा पॉडकास्ट काढला आणि तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली लोकांना वाटायला मोकळा ठेवला. स्थानिक कलाकाराचं मानधन देऊन आपल्यालाही हे करता येईल.

संपादनासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या आसपास ठेवली की बसमध्येही ऐकू येतं आणि पुढचा पॉडकास्ट लागल्यावर कान दचकत नाहीत. पंधरा मिनिटांचा भाग ९६ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये साधारण ११ एमबीचा होतो, म्हणजे व्हॉट्सॲपवरून मावशीला पाठवता येईल इतका. मराठीत तो असाच फिरणार आहे, हे धरून चालावं. स्पॉटिफाय, ॲपल, यूट्यूब इथे तर टाकावाच, शिवाय सामुदायिक रेडिओलाही द्यावा. म्हसवडचं माणदेशी तरंग किंवा पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी यांसारख्या केंद्रांचा श्रोता ॲप उघडणारा नसतो, पण जातं आणि अडकित्ता त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतो.

प्रत्येक भागाची लिखित संहिता सोबत द्यावी. ऐकू न येणाऱ्यांना ती लागते, शिक्षकांना लागते आणि गूगलवर शोधणाऱ्यालाही लागते. दृष्टिहीन श्रोत्यांसाठी तर हा पॉडकास्ट म्हणजेच संग्रहालय; एखादा भाग प्रसिद्ध करण्याआधी त्यांच्यापैकी कोणाला तरी ऐकवून ‘वस्तू उभी राहिली का?’ असं विचारलं, तर वर्णनातल्या गळत्या लगेच सापडतात. हे काम कोणत्याही तज्ज्ञ समितीपेक्षा नेमकं होतं.

राहता राहिलं जतन. गूगलने स्वतःची पॉडकास्ट सेवा २०२४ मध्ये बंद केली; तिथल्या श्रोत्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. म्हणून भागांचा मूळ पत्ता संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असावा आणि न कापलेल्या मुलाखती मूळ डब्ल्यूएव्ही स्वरूपात दोन वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. पाऊण तासाच्या मुलाखतीतली चार मिनिटं भागात जातात; उरलेली एक्केचाळीस मिनिटं, ज्यांत एखादा तांबट भांड्याच्या ठोक्याबद्दल बोललेला असतो किंवा देणगीदाराची नात घरातल्या भांडणाबद्दल, तीही संग्रहच आहेत. त्यांना तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि क्रमांक देऊन त्याच नोंदवहीत चढवावं, जिच्यात अडकित्ते चढवले होते.